कोणता आवाज फुकट द्यायचा

"बाळाचं रडणं विकूया," मुनीम म्हणाला.

धाकटी खिडकीशी उभी राहून पेनाचं टोपण काढत होती, घालत होती. तिचा हात थांबला. "काय विकूया?"

"रडणं. बाकी सगळं फुकट ठेवू. दाराची बेल फुकट, गजर फुकट, किटलीची शिट्टी फुकट, नळ वाहता राहिला तर तेही फुकट. फक्त रडण्याचे पैसे. दरमहा."

त्यांची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खाली दिवसभर मोठाली यंत्रं कपडे घुसळायची आणि वर फरशी अशी बारीक थरथरायची की कपातल्या चहावर आपोआप वलयं उठायची. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मुनीमने सगळे आवाज एकाखाली एक लिहिले होते आणि एकाच आवाजाभोवती लाल गोल काढला होता.

"तुला लाज वाटते का रे जरा?"

"वाटते ना. पण घरमालक भाड्यात लाज घेत नाही."

मुनीम हे त्याचं खरं नाव नव्हे. कॉलेजात चौघांनी मिळून कॉफी घेतली की बिलाचे चार सारखे भाग करून उरलेल्या सुट्ट्या पैशांचं काय करायचं यावर तो गंभीर चर्चा घडवून आणायचा, तेव्हापासून तो मुनीम. आणि धाकटी ही घरात दोघीच बहिणी असल्यामुळे धाकटी. पुढे मित्रमैत्रिणींनीही तेच उचललं.

थोरलीला, म्हणजे ताईला, लहानपणी तापात ऐकू येणं बंद झालं. त्यामुळे धाकटी तोंडाने बोलायला शिकली त्याच सुमारास हातांनी बोलायलाही शिकली. हातांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खुणेचं नाव मिळतं. ताईने हिला दिलेलं नाव म्हणजे तळहातावर दोन बोटं भराभर नाचवायची. त्याचा अर्थ चुळबुळ. नाव अगदी चपखल होतं. धाकटी जेवायला बसली तरी पाय हलायचा, झोपली तरी पांघरूण लाथाडायची, आणि सिनेमा बघताना शेजारच्याचा जीव नकोसा करायची.

ताईचं लग्न झालं ते फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका कारागिराशी. भाऊजींनाही ऐकू येत नव्हतं. दोघांचा संसार हातांनी सुखाने चालला होता. ताईला दिवस गेले तेव्हा मात्र सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला, आणि विचारायची हिंमत कुणाची होईना: बाळ रडलेलं यांना कळणार कसं? शेवटी ताईनेच तो विचारला. "रोज एक हात पाळण्यात ठेवून स्वयंपाक करू का?" ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

धाकटी तेव्हा एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहायची. घरी येऊन तिने ताईसाठी एक ॲप बनवायला घेतलं आणि त्याला नाव दिलं 'चाहूल'. फोन कान देऊन बसणार. बेल वाजली, गजर झाला, बाळ रडलं की प्रत्येकासाठी वेगळ्या तऱ्हेने थरथरणार आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिणार: 'बाळ रडतंय'. ताईला मुलगी झाली. ती पहिल्यांदा घरी रडली तेव्हा ताईचा कमरेचा फोन थरथरला. ताई धावली, मुलीला उचललं, आणि मग एका हाताने मुलीला धरून दुसऱ्या हाताने धाकटीकडे बघत नुसतं 'ऐकलं, ऐकलं' करत राहिली.

ताईने आपल्या मंडळात सांगितलं. मंडळातल्यांनी दुसऱ्या गावच्या मंडळात सांगितलं. बघता बघता 'चाहूल' इतक्या फोनांवर गेलं की धाकटीने नोकरी सोडली आणि मुनीमलाही सोडायला लावली. इथवर सगळं छान होतं. अडचण अशी की फोनने ऐकलेला आवाज इंटरनेटवरून लांबच्या भाड्याच्या यंत्रांकडे जायचा आणि तिथे ओळखला जायचा. फोन वाढले तसं त्या यंत्रांचं भाडं वाढलं. ॲप फुकट, भाडं रोकडीत. घरात साठवलेलं संपत आलं होतं.

आधी त्यांनी जाहिराती लावून बघितल्या. पडद्याच्या तळाशी लहानशी पट्टी, एवढंच ठरलं होतं. पण जाहिराती पाठवणाऱ्यांनी काय पाठवायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. पट्टीवर पहिल्याच आठवड्यात झळकलं: 'बहिरेपणा मुळापासून बरा करा, गोळ्या घरपोच'. ताईने त्याचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'माझ्यासाठी दोन डब्या मागव. एक डबी तुझ्या अकलेसाठी.' नंतर एक जाहिरात पट्टी सोडून थेट सगळा पडदा व्यापून बसली. तिच्याखाली 'दार वाजतंय' ही अक्षरं झाकली गेली, आणि एक म्हातारे गृहस्थ आपल्या मुलाला दाराबाहेर पाऊण तास उभं करून बसले. जाहिराती निघाल्या.

मग कुलपं आणि कॅमेरे बनवणाऱ्या एका कंपनीची बाई आली. गोड बोलली. "तुमच्याकडे घराघरांतले आवाज आहेत, आम्हाला तेवढेच हवेत. नावं नकोत, पत्ते नकोत." ती गेल्यावर मुनीम बराच वेळ फळ्याकडे बघत बसला. धाकटीने विचारलं, "तुझ्या घरातले आवाज देशील?" मुनीमच्या घरी त्याचे आईवडील दिवसभर एकमेकांशी कडाकडा भांडायचे. तो म्हणाला, "माझ्या घरातले कुणी फुकटही घेणार नाही." पण त्याने त्या बाईला नकार कळवला, आणि तोही स्वतःहून. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यावरून तो कुणाला कसाई वाटेल. तसा तो नव्हता.

तर आता उरलं होतं रडणं.

"ऐक," तो म्हणाला. "बेल चुकली तर माणूस परत येतो. किटली आटली तर किटली जाते. ते चुकलं तरी चालतं, म्हणून त्याचे पैसे कुणी देणार नाही. रडणं चुकून चालत नाही."

"म्हणूनच ते विकता येत नाही."

"म्हणूनच ते विकलं जाईल."

धाकटी खोलीभर फिरली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. "दुसरं काहीतरी असेल. वर्गणी मागू. ज्याला जमेल त्याने द्यावी."

"मागितली होती. चार लोकांनी दिली, त्यात एक तुझी आई."

"नातेवाइकांकडून घेऊ. ज्यांना ऐकू येतं त्यांच्याकडून. लांब राहणाऱ्या मुलाला आईच्या घरची बेल वाजली की कळेल, तो देईल पैसे."

"हे तू ताईला विचारलंस?"

विचारलं होतं. ताई म्हणाली होती, "माझ्या दारात कोण आलं ते तुला कशाला कळायला हवं? मी बहिरी आहे, कैदेत नाही." धाकटीने हे मुनीमला सांगितलं नाही, पण तिचा चेहरा त्याने वाचला.

"बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "यंत्रवाल्यांचा निरोप आलाय. या महिनाअखेरीला भाडं नाही भरलं तर ते बंद करतील. मग सगळेच आवाज बंद. सगळ्यांचेच. फुकटवाल्यांचेही. अडला हरी, बाई, आणि गाढव समोर उभं आहे."

खाली लाँड्रीतलं यंत्र पिळण्याच्या टप्प्यावर आलं आणि फरशी जोरात हादरू लागली. धाकटीने पेनाचं टोपण इतकं दाबलं की ते तडकलं.

"किंमत कमी ठेव," ती म्हणाली. "एका कॉफीएवढी."

अशा रीतीने रडण्याची किंमत ठरली.

त्याच संध्याकाळी नवीन आवृत्ती बाहेर पडण्याआधी धाकटीने एक काम गुपचूप केलं. ताईचा आणि भाऊजींचा फोन तिने पैसे न भरता कायम चालेल असा करून टाकला. एका ओळीचं काम. ते तिने मुनीमला सांगितलं नाही आणि ताईलाही सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, घरच्यांकडून कोण पैसे घेतं? पण कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात देत राहिली.

पैसे आले. मुनीम म्हणाला होता तसेच आले. ज्यांच्या घरी पाळणा होता त्यांतल्या बहुतेकांनी मुकाट भरले. यंत्रांचं भाडं गेलं, खोलीचं भाडं गेलं, मुनीमने स्वतःसाठी एक पाठ टेकायची खुर्ची आणली आणि तिच्यात बसून गोल फिरून बघितलं. "बस ना," तो धाकटीला म्हणायचा. "एक दिवस तरी बस."

तिच्याने बसवेना. भाजी आणायला गेली तर कुठल्यातरी बाईच्या कडेवरचं मूल रडायचं आणि हिचा हात खिशाकडे जायचा. बसच्या थांब्यावर, दवाखान्याच्या पायरीवर, कपड्यांच्या दुकानात, पूर्वी कधी इतकी मुलं रडताना तिने ऐकली नव्हती. की रडत होती आणि हिलाच ऐकू येत नव्हती? जेवताना ती फोन उघडून बघायची: किती जणांनी भरले, किती जणांनी बंद केले. बंद केलेल्यांपाशी तिची नजर अडकायची. बंद का केलं असेल? मूल मोठं झालं असेल. पैसे नसतील. घरात ऐकू येणारं कुणी राहायला आलं असेल. की आणखी काही? "चोराच्या मनात चांदणं," मुनीम हसून म्हणायचा. "अगं, लोकं जिमचीसुद्धा वर्गणी बंद करतात."

ताईकडे जाणं तिने कमी केलं. कामाचं निमित्त होतंच. गेली तरी मुलीला जरा खेळवून उठायची. ताई विचारायची, "चाहूल कसं चाललंय?" आणि ही अंगठा वर करायची.

मग एका दुपारी ताईच जिना चढून वर आली.

मुलगी तिच्या कडेवर होती. ताईला धाप लागली होती. तिने मुलीला मुनीमच्या नव्या खुर्चीत बसवलं, दोन्ही हात मोकळे करून घेतले आणि धाकटीसमोर उभी राहिली. ऐकू येणाऱ्यांना वाटतं हातांची भाषा शांत असते. ताई चिडली की तिचे हात एकमेकांवर आपटायचे, आणि ते आपटणं खालच्या यंत्रांच्या वरताण ऐकू यायचं.

"चष्मेवालीच्या मुलाचा पाय अडकला," ती म्हणाली.

चष्मेवाली ही ताईच्या मंडळातली मैत्रीण. तिलाही ऐकू येत नव्हतं. ती घरीच एका खोलीत चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. मुलगा दुसऱ्या खोलीत, लाकडी गजांच्या बिछान्यात. नवरा कामाला. त्या दिवशी मुलाचा पाय दोन गजांमध्ये घुसला आणि फिरला. मुलगा रडला. रडून रडून घसा बसला. चष्मेवाली पलीकडच्या खोलीत काचा घासत होती आणि फोन तिच्या समोर, टेबलावर, उताणा ठेवलेला होता. फोन शांत. शेवटी शेजारीण मागच्या दाराने धावत आली आणि तिने खांद्याला धरून हलवलं.

"मोडला?" धाकटीने हातांनी विचारलं. "पाय मोडला का?"

"नाही. सुजलाय. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला."

"फोन का नाही..." धाकटीने विचारायला सुरुवात केली आणि तिलाच कळलं. तिने धावत जाऊन संगणकावर बघितलं. चष्मेवालीचं बँकेचं कार्ड बदललं होतं. जुन्या कार्डावरून पैसे आले नाहीत. ॲपने तिला ईमेल पाठवला होता, तो तिने उघडला नव्हता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर रडणं बंद झालं होतं. बेल चालू होती, गजर चालू होता. रडणं तेवढं बंद.

मुनीम दोघींकडे आळीपाळीने बघत होता. त्याला हातांची भाषा येत नव्हती. "काय झालं? कुणीतरी मला सांगेल का?"

कुणी सांगितलं नाही. ताईने धाकटीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "रडण्याचे पैसे लागतात हे मला चष्मेवालीने सांगितलं. मी म्हटलं, काहीतरीच काय, माझं तर चालतंय. मी तिला खोटं पाडलं, चार जणींसमोर. माझं का चालतंय?"

"तू माझी बहीण आहेस."

"पैसे मी देऊ शकले नसते?"

"दिले असतेस."

"मग?"

धाकटीचे हात वर आले आणि तसेच अधांतरी राहिले.

"तुला भीती होती," ताई म्हणाली. आता तिचे हात आपटत नव्हते, सावकाश चालले होते, आणि ते जास्त वाईट होतं. "माझ्या मुलीचं रडणं कधी चुकून बंद पडेल म्हणून तू आधीच सोय केलीस. म्हणजे बंद पडू शकतं हे तुला माहीत होतं."

खुर्चीतली मुलगी खुर्चीला गोल फिरवायचा प्रयत्न करत होती. ताईने तिला उचललं आणि ती गेली. जिन्यावरून तिची पावलं उतरताना ऐकू आली, मग खालच्या यंत्रांत मिसळली.

धाकटीने मुनीमला सगळं सांगितलं, ताईच्या फोनचं सुद्धा. तो वरचेवर चष्मा काढून पुसत राहिला. "ईमेल गेला होता ना?" त्याने एकदा विचारलं. "गेला होता," ती म्हणाली. "मग नियमाने आपली..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. उठून त्याने स्वतःच रडणं सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. ज्यांनी पैसे भरले होते, ज्यांनी नव्हते, सगळ्यांसाठी. "या महिन्यापुरतं भाडं आहे," तो म्हणाला. "पुढचं पुढे."

दुसऱ्या दिवशी धाकटी चष्मेवालीकडे निघाली तेव्हा तोही निघाला. "तू कशाला?" तिने विचारलं. "लाल गोल मी काढला होता," तो म्हणाला.

ताई आधीच तिथे होती. तिने धाकटीकडे बघितलं नाही. खोली लहान होती. टेबलावर काचा घासायचं चाक, फ्रेमांचे डबे, पाण्याचं भांडं. मुलगा जमिनीवर बसला होता, एका पायाला पट्टी, आणि एका रिकाम्या चष्म्याच्या फ्रेममधून आल्यागेल्याला निरखत होता. मुनीमला बघताच तो रांगत आला आणि त्याच्या चपलेचा पट्टा ओढू लागला. मुनीम बिचारा जो खाली बसला तो शेवटपर्यंत उठलाच नाही.

धाकटीने माफी मागितली. वाटेत घोकून आली होती ते सगळं विसरली आणि नुसतं 'चुकले, चुकले' म्हणत राहिली. चष्मेवालीने तिला ते थोडा वेळ म्हणू दिलं. मग हाताने थांबवलं.

"मला पैशांचं काही नाही," ती म्हणाली. "मी दिले असते. कार्ड बदललं हे मी विसरले, ती माझी चूक. पण तुमचा फोन माझ्यासमोर होता. तो गप्प होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, माझा मुलगा झोपलाय."

धाकटी मुनीमसाठी तोंडाने बोलून दाखवत होती. हे वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं.

"बंद करायचं तर बंद करा," चष्मेवाली पुढे म्हणाली, "पण मग बोंब मारा. लाल व्हा, थरथरा, काहीही करा. 'मी ऐकत नाहीये' असं सांगा तरी."

"बंद करणारच नाही," धाकटी म्हणाली. "आता सगळं फुकट. कायमचं."

ताईने मान डोलावली. पण चष्मेवालीने तोंड वाकडं केलं. "फुकट नको."

"का नको?" ताईने विचारलं.

"फुकटाचं कोण कधी काढून घेईल, काय सांगावं? पुन्हा भाडं थकेल, पुन्हा हे काहीतरी शोधून काढतील. मी पैसे देते, एकदाच देते, आणि वस्तू माझी. हे चाक मी घेतलं, त्याला दर महिन्याला विचारावं लागत नाही, आज फिरतोस का बाबा."

"आणि जिच्याकडे एकदाच द्यायलाही नाहीत तिने काय करायचं?" ताईचे हात पुन्हा आपटू लागले. "तिच्या मुलाने रडायचं नाही?"

"तिच्यासाठी मी दोन घेईन. पण माझं माझं राहू दे."

"सगळ्या तुझ्यासारख्या कमावत नाहीत!"

"आणि सगळ्यांची बहीण ॲपवाली नसते!"

दोघींचे हात इतके वेगाने चालले की धाकटीला भाषांतर करणं जमेना. मुनीमने खालून विचारलं, "काय म्हणताहेत?" ती म्हणाली, "भांडताहेत. आपलंच भांडण." तो म्हणाला, "कोण जिंकतंय?" धाकटीला एकदम हसू आलं आणि हसताना डोळे भरले. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

परत येताना दोघं बसमध्ये उभे होते. धाकटी दांडीवर बोटं वाजवत होती. "एकदाच घ्यायचे म्हटलं तर भाडं दर महिन्याचं," मुनीम म्हणाला. "एकदा मिळालेले पैसे किती महिने पुरणार? ते नाही जमत. मी काल तेच मांडून बघत होतो."

"भाडंच नसलं तर?"

"म्हणजे?"

"आवाज बाहेर पाठवायचाच नाही. फोननेच ऐकायचं, फोननेच ओळखायचं. मग यंत्रं नकोत, इंटरनेटही नको. कुणाच्या घरचा आवाज घराबाहेर जाणार नाही."

"साध्या फोनवर होईल?"

"माहीत नाही. सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल. बारीक करावं लागेल."

"किती दिवस?"

"माहीत नाही म्हटलं ना!" ती इतक्या जोराने म्हणाली की पुढचा माणूस वळून बघू लागला.

ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत केले. मुनीमने खुर्ची विकली. एका औषधाच्या कंपनीत त्याने पगाराची नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी तो खोलीवर येऊ लागला. धाकटीनेही सकाळच्या शिकवण्या घेतल्या. दुपारनंतर ती लिहायला बसायची, म्हणजे उठायची, फिरायची, पुन्हा बसायची. फोनने एकट्याने ऐकायला शिकणं सोपं नव्हतं. कधी तो दाराच्या कुरकुरण्याला रडणं म्हणायचा, कधी खऱ्या रडण्याला गजर. एकदा तर लाँड्रीवाल्याच्या शिंकेला त्याने बेल ठरवलं. यंत्रांचं भाडं मुनीमच्या पगारातून जात होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते. ताईही बोलत नव्हती. मुलीच्या वाढदिवसाला तिने धाकटीला बोलावलं, पण सगळा वेळ आईशीच हातवारे करत राहिली. भाऊजींनी धाकटीला दाराशी गाठून एवढंच म्हटलं, "ती अशीच आहे. तुम्ही येत राहा."

शेवटी जमलं. जुन्या, स्वस्त फोनवरही जमलं. नव्या 'चाहूल'ला एकच किंमत ठेवली, ती एकदाच भरायची, आणि त्यात सगळे आवाज आले. ज्याला पैसे देणं जमत नाही त्याने तसं सांगितलं तर त्याला ते फुकट मिळणार होतं. पुरावा मागायचा नाही, कारण विचारायचं नाही. हे मुनीमला पटत नव्हतं. "सगळेच सांगतील की जमत नाही," तो म्हणाला. "सांगू देत," धाकटी म्हणाली. काही कारणाने फोन ऐकेनासा झाला तर पडदा लालभडक होणार आणि बघेपर्यंत थरथरत राहणार होता. ते तिने सगळ्यात आधी लिहिलं होतं.

लोकांनी शिव्या घातल्या. 'फुकट होतं ते विकायला काढलं', 'आधी दर महिना, आता एकदम, उद्या रक्त मागाल'. बरेच जण सोडून गेले. बऱ्याच जणांनी जमत नाही असं सांगितलं, मुनीम म्हणाला होता त्याहून कमी जणांनी, धाकटीला वाटलं होतं त्याहून जास्त जणांनी. नंतर एका प्रसूतिगृहाने आपल्याकडे येणाऱ्या आयांसाठी बऱ्याच प्रती घेतल्या, मग आणखी एकाने. मुनीमची नोकरी सुटली नाही, धाकटीच्या शिकवण्याही सुटल्या नाहीत. पण 'चाहूल' स्वतःच्या पायावर उभं राहिलं, जरा लंगडत का होईना.

पैसे भरणाऱ्यांत एक नाव ताईचं होतं. धाकटीने ते बघितलं आणि उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. लिहावं का काही? काय लिहावं? तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तोवर ताईचाच निरोप आला. इतक्या महिन्यांतला पहिला.

'हे काय करून ठेवलंयस? शेजारच्यांनी मांजर आणलंय. ते ओरडलं की तुझा फोन म्हणतो बाळ रडतंय. सकाळपासून मी धावतेय. मुलगी माझ्याकडे बघून हसतेय. पैसे घेतलेस ना? ये आणि बघ.'

धाकटी तशीच निघाली. ताईने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं, आणि दोघींच्या मध्ये टेबलावर फोन ठेवला. मुलगी चालायला लागली होती. ती मावशीचे गुडघे धरून उभी राहिली. मांजराचं ओरडणं टिपून न्यायचं होतं, म्हणजे फोनला दोन्हींतला फरक शिकवता आला असता. पण आता मांजर खिडकीच्या कठड्यावर पाय पोटाशी घेऊन बसलं होतं आणि ओरडायला तयार नव्हतं. धाकटीने जीभ टाळ्याला लावून आवाज काढले. ताईने मासळीचा तुकडा दाखवला. मांजराने डोळे मिटले.

"आता बरं गप्प बसलं," ताई म्हणाली.

धाकटी उठू लागली. ताईने तिचा दंड धरून तिला पुन्हा खाली बसवलं.

"बस. ओरडेल."